हिरडीतला अमीबा, जिभेवरची गाठ आणि दातातली ‘कीड’

तोंडातील परजीवींविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. परजीवी या शब्दात येथे एकपेशीय प्राणी, कृमी आणि माश्यांच्या अळ्या एवढेच धरले आहे. तान्ह्या बाळांच्या जिभेवर दह्यासारखा बसणारा पांढरा थर बहुधा कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा असतो. बुरशी आणि जिवाणू यांविषयीची पत्रे म्हणून बाजूला ठेवली आहेत. ज्यांनी केवळ ‘औषधाचे नाव कळवा’ असे लिहिले आहे त्यांना नाव कळवता येणार नाही. या विकारांत औषध ठरवणे बहुतेक वेळा सोपे असते, अवघड असते ते समोर नेमके काय आहे हे ठरवणे.

प्रश्न : हिरड्यांतून रक्त येते म्हणून दंतवैद्यांना दाखवले. हिरडीतून काढलेल्या मळाच्या तपासणीत ‘एंटअमीबा’ सापडल्याचा अहवाल मिळाला. अमीबामुळे यकृतात गळू होते असे मी वाचले आहे. तोंडातला हा अमीबा पोटात उतरेल का आणि त्यासाठी कोणता औषधक्रम घ्यावा लागेल?

उत्तर : आडनाव एक असले तरी ही दोन वेगळी माणसे आहेत, असे समजा. आमांश आणि यकृतातील गळू यांना कारणीभूत होणारा तो एंटअमीबा हिस्टोलिटिका. आपल्या अहवालात आहे तो एंटअमीबा जिंजिवॅलिस. माणसाच्या शरीरात सापडलेला हा पहिलाच अमीबा होय. १८४९ मध्ये ग्रोस या संशोधकाने दातांवरच्या मऊ कीटणात तो पाहिला. आतड्यातल्या अमीबाला कठीण कवचाची कोष्ठावस्था असते आणि त्या कवचाच्या आधाराने तो जठरातील आम्लातून सुखरूप पार होतो. हिरडीतल्या अमीबाला अशी अवस्थाच नाही. लाळेबरोबर तो गिळला गेला तरी जठरात नष्ट होतो. त्यामुळे पोटाची आणि यकृताची काळजी आपण सोडून द्यावी.

तपासणी कशी होते हे सांगितले, तर अहवालाचा अर्थ अधिक स्पष्ट होईल. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीतून बारीक उपकरणाने थोडा मळ खरवडून घेतात, काचपट्टीवर कोमट सलाइनच्या थेंबात तो मिसळतात आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. ‘लगेच’ हा शब्द महत्त्वाचा, कारण काचपट्टी थंड झाली की अमीबा गोळा होऊन निपचित पडतो आणि मग तो आपल्याच शरीरातील एखाद्या सुजलेल्या पेशीसारखा दिसू लागतो. ताज्या नमुन्यात मात्र त्याच्या कडेने पारदर्शक फुगवटा पुढे सरकतो, मागचा कणीदार भाग त्यात ओतला जातो, आणि पोटात दोन-चार गडद ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे त्याने गिळलेल्या पांढऱ्या रक्तपेशींच्या केंद्रकांचे अवशेष. पांढऱ्या पेशी गिळण्याची ही सवय त्याची ओळख मानली जाते. हिस्टोलिटिका जातीच्या पोटात तांबड्या पेशी आढळतात. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे, तोंडातून थुंकीत मिसळलेला निरुपद्रवी अमीबा पाहून फुप्फुसात अमीबाचे गळू झाल्याचे निदान केले जाण्याचा धोका असतो.

आता औषधाविषयी. १९१४-१५ च्या सुमारास अमेरिकेतील स्मिथ आणि बॅरेट यांनी पायोरियाचे मूळ हाच अमीबा असल्याचे मांडले, आणि एमेटिन या औषधाच्या सुया देण्याची लाट आली. एमेटिन हृदयाला घातक ठरू शकते हे तेव्हाही फारसे गुपित नव्हते. पुढे निरोगी हिरड्यांच्या माणसांतही अमीबा सापडू लागला, जिवाणूंचा वाटा ध्यानात आला, आणि अमीबा बिचारा फुकट्या पाहुणा ठरला. हे प्रकरण तेवढ्यावर मिटले असे मात्र म्हणता येत नाही. रेणवीय चाचण्या, म्हणजे डीएनएवरून जीव ओळखणाऱ्या चाचण्या, आल्यापासून असे दिसते आहे की, रोगट हिरड्यांच्या खोल फटींत तो निरोगी जागेपेक्षा कितीतरी अधिक वेळा असतो; आणि बर्लिनमधील संशोधकांनी अलीकडे दाखवले आहे की सुजलेल्या हिरडीच्या ऊतींत तो प्रत्यक्ष शिरू शकतो. तो आजार सुरू करतो की सुरू झालेल्या आजारावर पोसतो, याचा निवाडा व्हायचा आहे.

माझे मत विचाराल तर उपचार हिरडीवर करावेत, अहवालावर करू नयेत. हिरडीच्या फटींची खोली दाताच्या प्रत्येक बाजूस मोजून घ्यावी. तीन मिलिमीटरपर्यंतची खोली साधारण मानतात, त्यापुढे लक्ष द्यावे लागते. दातांवरचे आणि हिरडीखालचे कीटण काढणे, मुळांचा पृष्ठभाग गुळगुळीत करणे, आणि घरी दोन वेळा ब्रशने व दातांच्या मधल्या फटींत धाग्याने किंवा बारीक ब्रशने सफाई करणे हाच मुख्य उपचार आहे. फटीत मळ उरला नाही की अमीबाचे अन्नही जाते आणि आसराही. सहा ते आठ आठवड्यांनी फटी पुन्हा मोजाव्यात. एवढे करूनही खोल फटी आणि पू कायम राहिल्यास दंतवैद्य मेट्रोनिडाझोल जोडीला देतात. हे औषध सफाईच्या ऐवजी घेतले तर महिन्याभरात सारे पूर्ववत होते, याचा अनुभव अनेकांनी घेतला आहे. ते चालू असताना मद्य टाळावे, आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेत असल्यास तसे आधी सांगावे, कारण दोन्ही एकत्र आल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

प्रश्न : माझ्या यजमानांच्या हिरडीच्या तपासणीत ‘ट्रायकोमोनास’ आढळला. हा लैंगिक संबंधातून होणारा आजार असल्याचे मला ठाऊक आहे. कोणाला विचारायचीही लाज वाटते.

उत्तर : लाज वाटण्याचे आणि संशय घेण्याचेही कारण नाही. लैंगिक संबंधातून पसरतो तो ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस. तोंडात राहतो तो ट्रायकोमोनास टेनॅक्स, आणि ओटो म्युलर या डॅनिश निसर्गशास्त्रज्ञांनी १७७३ मध्येच दातांच्या मळात त्याचे वर्णन करून ठेवले आहे. पुढे चार चाबकासारखे केसर आणि कडेने थरथरणारा पडदा असलेला हा सूक्ष्म जीव काचपट्टीवर धडपडत, अडखळत पळतो. दोन्ही जाती एकमेकींच्या जागी सहसा टिकत नाहीत. प्रयोगशाळेने अहवालात केवळ प्रजातीचे नाव लिहून जातीचे नाव गाळले असेल, तर पूर्ण नाव लिहून मागावे. अशा अर्धवट अहवालांमुळे घरात वादळे उठलेली मी पाहिली आहेत.

लाळेतून, म्हणजे चुंबनाने, एकाच ब्रशाने किंवा उष्ट्या पेल्याने, हा जीव आणि वर सांगितलेला अमीबा एकमेकांकडे जाऊ शकतात. म्हणून घरातल्या सर्वांनी गोळ्या घ्याव्यात का, असे दुसऱ्या एका पत्रात विचारले आहे. घेऊ नयेत. ज्यांच्या हिरड्या सुजतात किंवा ज्यांतून रक्त येते त्यांनी हिरड्या दाखवाव्यात. बाकीच्यांनी स्वतःचा ब्रश स्वतःपुरता ठेवावा. अपवाद एकच : अंथरुणाला खिळलेली किंवा गिळताना ठसका लागणारी व्यक्ती. तोंडातला मळ श्वासनलिकेत उतरला तर टेनॅक्स फुप्फुसात सापडतो. अशा व्यक्तीच्या तोंडाची सफाई ही चैन समजू नये.

प्रश्न : माझी आई पक्षाघातामुळे तीन वर्षे अंथरुणावर आहे. तिचे तोंड सतत उघडे असते. गेल्या आठवड्यात वरच्या ओठाखाली सूज आली, दुर्गंधी वाढली, आणि ओठ उचलून पाहिला तर हिरडीत भोक व त्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या. इस्पितळात नेऊन त्या काढल्या. हे कशामुळे झाले, पुन्हा होईल का, आणि आमच्याकडून काही अक्षम्य चूक झाली का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आपण ओठ उचलून पाहिलात आणि त्याच दिवशी इस्पितळ गाठलेत. अनेक घरांत सूज दिसते, पण ओठ उचलला जात नाही, आणि दुर्गंधीचे कारण ‘दात किडले असतील’ असे ठरवून आठवडा जातो. त्या आठवड्यात अळ्या टाळूपर्यंत किंवा नाकाच्या पोकळीपर्यंत पोचू शकतात. तुम्ही तो वेळ वाया जाऊ दिला नाहीत.

या विकाराला मायियासिस म्हणतात. हा शब्द होप या कीटकशास्त्रज्ञांनी १८४० मध्ये रूढ केला आणि तोंडातील मायियासिसचे पहिले वर्णन १९०९ मधील आहे. माशी उघड्या तोंडात, विशेषतः दुर्गंधी असलेल्या जागी, जखमेच्या कडेला किंवा दात काढलेल्या खाचेत अंडी घालते. क्रायसोमिया बेझियाना नावाची माशी जिवंत ऊतींच्या जखमेवर एका वेळी दीडशे-दोनशे अंडी घालते. दिवसभरातच त्यांतून अळ्या बाहेर पडतात, पाच-सात दिवस मांस खात आत शिरतात आणि मग कोष करण्यासाठी स्वतःहून बाहेर पडून जमिनीवर पडतात. तोंड मिटता न येणे, नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेणे, हात उचलून माशी हाकलता न येणे, आणि दातांची निगा राखता न येणे या चार गोष्टी एकत्र आल्या की माशीला आयती संधी मिळते. सेरेब्रल पाल्सी असलेली मुले, अतिदक्षता विभागात नळीवर असलेले रुग्ण आणि तोंडाच्या कर्करोगाच्या उघड्या जखमा असलेले रुग्ण यांतही म्हणूनच हा प्रकार दिसतो.

अळ्या काढताना काय केले गेले हे आपल्याला कोणी समजावून सांगितले नसेल, म्हणून लिहितो. अळी डोके आत आणि शेपूट बाहेर अशी रुतून बसते, कारण तिची श्वसनछिद्रे शेपटीच्या टोकाला असतात. भोकात पाहिले तर मधमाशांच्या पोळ्यात पाहावे तशी पांढरट टोके दाटीने दिसतात आणि प्रत्येक टोकावर दोन तपकिरी ठिपके श्वासाबरोबर पुढे-मागे होतात. अळीच्या अंगावर मागे वळलेल्या काट्यांची वलये असतात. चिमट्याने ओढले की ती काटे रोवते आणि मधेच तुटते. तुटलेला तुकडा आत राहिला की पुन्हा सूज येते. म्हणून टर्पेंटाइन तेलात बुडवून पिळलेला कापसाचा बोळा भोकाच्या तोंडाशी काही मिनिटे धरतात. श्वास कोंडल्यामुळे आणि तेल झोंबल्यामुळे अळ्या आपणहून मागे सरकतात, आणि मग बोथट चिमट्याने एकेक उचलून मोजून ठेवतात. मोजायचे अशासाठी की, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा हीच कृती करायची असते, आणि संख्या शून्यावर आल्याशिवाय जखम बंद करायची नसते. हे टर्पेंटाइन घरी कोणीही तोंडात ओतू नये. ते श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाची जी हानी होते ती अळ्यांपेक्षा वाईट असते.

जोडीला तोंडावाटे आयव्हरमेक्टिन देतात. त्याची मात्रा वजनावर, साधारणपणे दर किलोमागे १५० ते २०० मायक्रोग्रॅम अशी धरतात; पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ते टाळतात. त्याने अळ्या मरतात, पण मेलेल्या अळ्या आपोआप नाहीशा होत नाहीत, त्या काढाव्याच लागतात. मृत ऊती खरवडून काढणे, सलाइनने वारंवार धुणे, जिवाणूंच्या दुय्यम संसर्गासाठी प्रतिजैविक, धनुर्वाताच्या लशीची स्थिती तपासणे, आणि सूज टाळूकडे किंवा डोळ्याखाली असेल तर सीटी स्कॅन करून किती खोल गेले आहे ते पाहणे, हे बाकीचे उपचार.

पुन्हा होऊ शकते, कारण तोंड अजूनही उघडेच राहणार आहे. रोज दोन वेळा ओठ आणि गाल उचलून विजेरीच्या उजेडात हिरड्या पाहणे, ओल्या कापडाने किंवा मऊ ब्रशने दात पुसणे, हलणारे व किडलेले दात काढून टाकणे, आणि दिवसा झोपेतही मच्छरदाणी लावणे एवढे करावे. शेवटच्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते. मच्छरदाणी रात्रीची वस्तू समजली जाते, पण या माश्या दिवसा उडतात.

प्रश्न : जिभेच्या कडेला शेंगदाण्याएवढी, न दुखणारी गाठ होती. ती काढल्यावर ‘सिस्टिसर्कोसिस’ असा अहवाल आला. हा डुकराच्या मांसातून होणारा आजार आहे असे सांगतात. मी जन्मापासून शाकाहारी आहे. अहवाल चुकीचा असेल का?

उत्तर : अहवाल चुकीचा असण्याची शक्यता कमी आहे, चुकीची आहे ती ‘मांसातून होणारा’ ही समजूत. टीनिया सोलियम या पट्टकृमीच्या जीवनक्रमात दोन वेगळे मार्ग आहेत. डुकराचे अर्धकच्चे मांस खाल्ल्यास त्यातील अळीपासून माणसाच्या आतड्यात लांब पट्टकृमी वाढतो. त्या माणसाच्या विष्ठेतून कृमीची अंडी बाहेर पडतात. ही अंडी दूषित पाणी, न धुतलेल्या भाज्या किंवा अस्वच्छ हात यांच्यामार्फत दुसऱ्या कोणाच्याही पोटात गेली, तर त्यांतून निघालेले भ्रूण रक्तावाटे स्नायू, मेंदू, डोळा, जीभ अशा ठिकाणी जाऊन पाण्याच्या फोडासारखे कोष करतात. सिस्टिसर्कोसिस तो हाच. म्हणजे मांस खाणाऱ्याला पट्टकृमी होतो, आणि सिस्टिसर्कोसिस कोणालाही होऊ शकतो. त्याने आयुष्यात मांसाला हात लावलेला असो वा नसो.

तोंडात अशी गाठ जिभेत, ओठात किंवा गालात येते. बोटाने दाबली तर घट्ट, गोल आणि सुटी वाटते, वर्षभर तशीच राहते, आणि लाळग्रंथीचा फोड, मेदाची गाठ किंवा तंतुमय गाठ समजून काढली जाते. कापल्यावर आत स्वच्छ पाणी आणि त्यात तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे अळीचे आत ओढून घेतलेले डोके. छेदात, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली धरलेल्या गाठीच्या पातळ कापात, त्यावर चार चूषके आणि आकड्यांचे वलय दिसले की शंकेला जागा उरत नाही. जीभेची गाठ पूर्ण निघाली असेल तर त्या जागेपुरता उपचार झाला.

पुढचे दोन टप्पे मात्र टाळू नका. पहिला, मेंदूचा एमआरआय किंवा सीटी, आणि नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्याच्या आतील पडद्याची तपासणी, कारण जिभेत कोष आहे म्हणजे भ्रूण रक्तातून फिरले होते. पूर्वी कधी फेफरे आले असेल किंवा डोकेदुखी चिवटपणे टिकत असेल तर तसे सांगावे. दुसरा, घरातील सर्वांची शौचाची तपासणी, कारण अंडी टाकणारा पट्टकृमी जवळच्याच कोणाच्या आतड्यात असू शकतो आणि त्या व्यक्तीला काहीही त्रास नसतो.

कोणीतरी ‘खबरदारी म्हणून’ आल्बेंडाझोल हे जंतांवरचे औषध लगेच सुरू करण्यास सांगितले असल्याचे आपण लिहिले आहे. वरील तपासण्या होईपर्यंत थांबावे. औषधाने कोष मरतो तेव्हा त्याच्याभोवती दाह उसळतो. हाताच्या स्नायूत तो दाह सोसता येतो, डोळ्यात दृष्टी जाऊ शकते आणि मेंदूत झटके येऊ शकतात. म्हणून डोळा आणि मेंदू पाहूनच, गरज पडल्यास स्टेरॉइडच्या संरक्षणाखाली, हे औषध देतात.

प्रश्न : माझा सहा वर्षांचा मुलगा झोपेत करकर दात खातो. पोटात जंत आहेत असे सगळे सांगतात. जंताचे औषध द्यावे का?

उत्तर : दात खाणे आणि जंत यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. या वयात पुष्कळ मुले दात खातात आणि बहुतेकांचे आपोआप थांबते. गुदद्वाराशी रात्री खाज येत असेल तर सुतासारख्या कृमींची तपासणी करावी. ती सकाळी उठल्याबरोबर, आंघोळीपूर्वी, चिकटपट्टी लावून करतात. घोरणे किंवा तोंडाने श्वास घेणे असल्यास नाक-घसा दाखवावा. दातांची टोके झिजत असतील तर दंतवैद्यांकडे जावे.

प्रश्न : दुखणाऱ्या दाताला बियांची धुरी देऊन कीड बाहेर काढतात, आणि पाण्यात पडलेले पांढरे किडे मी स्वतः पाहिले आहेत. डॉक्टर मात्र कीड नसतेच असे म्हणतात. डोळ्यांनी पाहिलेले खोटे कसे?

उत्तर : आपण पाहिले ते खरेच होते, ते किडे नव्हते. धुरीसाठी खुरासानी ओव्यासारख्या बिया निखाऱ्यावर टाकतात. उष्णतेने बी फुटते आणि आतला वाकडा, पांढरा अंकुर बाहेर पडतो. पाण्याच्या पातेल्यात तो अगदी अळीसारखा दिसतो. पुढल्या वेळी दात न दुखणाऱ्या माणसाला, किंवा कोणालाच न देता, तीच धुरी करून पाहा. ‘किडे’ तेवढेच पडतील.

दातात किडा असतो ही कल्पना फार जुनी आहे. बॅबिलोनियाच्या मातीच्या पाट्यांवर दातातल्या किड्याला घालवण्याचा मंत्र कोरलेला आहे. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ च्या आपल्या ग्रंथात, सूक्ष्मदर्शकाने पाहूनही आपल्याला असा किडा दिसला नाही, असे नोंदवले. आपल्या भाषेने मात्र तो सोडलेला नाही : दाताला कीड लागते, दात किडतो. हा शब्दप्रयोग बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही, पण दात पोखरते ते जिवाणूंनी साखरेपासून तयार केलेले आम्ल. धुरीत गुंगी आणणारी द्रव्ये असतात, त्याने तासभर ठणका कमी वाटतो आणि पोकळी तशीच वाढत राहते. जंताच्या कोणत्याही औषधाने किडलेला दात बरा होत नाही.

प्रश्न : दोन महिन्यांपासून खालच्या ओठाच्या आत धाग्यासारखे काहीतरी सरकते. आज डावीकडे, उद्या उजवीकडे. तीन ठिकाणी दाखवले. एकांनी ‘मनाचे खेळ’ म्हणून वाटेला लावले. काय करावे?

उत्तर : मनाचे खेळ ठरवण्यापूर्वी ओठ नीट पाहिला गेला का, हा माझा पहिला प्रश्न. गाँगिलोनेमा नावाचा कृमी खरोखरच असे वागतो. गुरे आणि इतर प्राणी हे त्याचे नेहमीचे घर; त्याच्या अळ्या भुंगेरे व झुरळे यांच्या अंगात वाढतात. असा कीटक किंवा त्याचा अंश अजाणता गिळला गेला तर कृमी माणसाच्या ओठ, गाल, जीभ आणि टाळूच्या पातळ त्वचेखाली नागमोडी फिरत राहतो. लायडी या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १८५० मध्ये एका मुलाच्या तोंडातून निघालेल्या अशाच कृमीची नोंद केली होती. हा विकार दुर्मीळ आहे, आणि दुर्मीळ असल्यामुळेच रुग्णावर विश्वास ठेवला जात नाही. ओठ ताणून, तिरक्या उजेडात, भिंगाने पाहिल्यास फिकट वेटोळी रेषा दिसते. सरकल्याची जाणीव होईल त्याच क्षणी ओठ उलटा करून भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढा. रोज काढलेली चार-सहा छायाचित्रे तोंडी वर्णनापेक्षा अधिक बोलतात. रेषा मिळाली तर जागा बधिर करून बारीक छेदातून कृमी काढता येतो आणि पुढे आल्बेंडाझोल देतात.

गालातली एकाच जागी स्थिर असलेली गाठ कधी डासांमार्फत कुत्र्यांकडून येणाऱ्या डायरोफिलेरिया कृमीची निघते. ती काढली की काम संपते.

तरीही, वारंवार शोधूनही काही सापडले नाही तर? तोंड कोरडे पडणे, ब-१२ जीवनसत्त्वाची किंवा लोहाची कमतरता, मधुमेह, कंपवातावरची काही औषधे यांमुळेही तोंडात काही सरकल्याचा भास होतो. ते आधी तपासावे. त्यातूनही काही लोक डबीत तंतू, लाळेचे धागे, त्वचेचे कण घेऊन येतात आणि ते जंत असल्याची त्यांना ठाम खात्री असते. माझ्या उमेदवारीच्या काळात अशा एका डबीतला तंतू मी स्वतः जंत समजून बसलो होतो. वरिष्ठांनी काचपट्टीवर वनस्पतीच्या पेशींच्या चौकटी दाखवल्या तेव्हा तो भाजीचा रेषा निघाला. म्हणून डबी आणणाऱ्याला मी हसत नाही. नमुना तपासतो, काय दिसले ते त्यांनाच सूक्ष्मदर्शकातून दाखवतो, आणि त्रास खरा आहे पण त्याचे कारण जंत नाही, असे सांगून मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतो. त्यांच्याकडच्या औषधांनी ही जाणीव शमते. जंताच्या गोळ्यांचे सहा-सहा क्रम घेण्यापेक्षा तो मार्ग निश्चितच सुरक्षित आहे.

प्रश्न : माझ्या भावाने काही वर्षे दक्षिण अमेरिकेतील जंगल भागात नोकरी केली. तेथे हातावर झालेला व्रण भरून आला. आता पाच वर्षांनी नाक चोंदते, नाकातून रक्त येते आणि टाळूवर खडबडीत जखम झाली आहे. दोन बायोप्सींत निदान झालेले नाही.

उत्तर : हातावरच्या जुन्या व्रणाचा उल्लेख बायोप्सीच्या अर्जावर केला होता का, हे आधी पाहा. तो उल्लेख नसेल तर विकृतिशास्त्रज्ञ क्षयरोग, कर्करोग, उपदंश, बुरशी यांच्या मागे जातात आणि ते स्वाभाविक आहे. त्या भागात लिश्मॅनिया ब्राझिलिएन्सिस हा परजीवी आहे. वाळूमाशीच्या चाव्याने तो प्रथम त्वचेवर व्रण करतो आणि व्रण भरून आल्यावर काही महिन्यांनी, क्वचित अनेक वर्षांनी, नाक, टाळू व घसा यांत उद्भवतो. या टप्प्यात ऊतींत परजीवी अगदी विरळ असतात. दोन ते चार मायक्रोमीटरचे ते जीव साध्या छेदात निसटणे नवलाचे नाही.

तिसरी बायोप्सी घ्यावी लागली तर ती जखमेच्या कडेची असावी आणि तिचे भाग करावेत. एक भाग फॉर्मेलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात छेदांसाठी, आणि दुसरा फॉर्मेलिन न लावता पीसीआर (डीएनए चाचणी) व संवर्धनासाठी, म्हणजे परजीवी प्रयोगशाळेत वाढवून पाहण्यासाठी. सगळाच तुकडा फॉर्मेलिनमध्ये बुडवला की संवर्धनाचा मार्ग बंद होतो. बुरशीसाठीही त्याच वेळी तपासावे, कारण त्याच प्रदेशातील पॅराकॉक्सिडिऑइडिस ही बुरशी तोंडात हुबेहूब असाच व्रण करते. निदान पक्के झाल्यास उपचार मलमाने होत नाहीत. शिरेतून लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन, अँटिमनीची इंजेक्शने किंवा तोंडावाटे मिल्टेफोसिन यांपैकी एक निवडून, मूत्रपिंड, यकृत आणि हृदय यांवर लक्ष ठेवत ते करावे लागतात. बरे झाल्यानंतरही पुढे वर्ष-दोन वर्षे नाक आणि टाळू तपासत राहावे, कारण हा आजार उलटतो. आवाज घोगरा झाला असेल किंवा श्वास घेताना आवाज येत असेल तर मात्र थांबू नका, स्वरयंत्राची तपासणी त्याच दिवशी करून घ्या.

प्रश्न : तापात मुलीच्या तोंडातून वीतभर लांबीचा जंत बाहेर आला. घाबरून आम्ही तो फेकून दिला. तोंडाचा काही उपचार करावा लागेल का? आणि असे पुन्हा झाले तर निघालेली वस्तू कशी ठेवावी?

उत्तर : तो बहुधा आतड्यातला गोल जंत असावा. ताप, उलटी किंवा भूल यांमुळे तो वर चढून येतो. तोंड ही त्याची वाट होती, घर नव्हे. तोंडाला उपचार नको, आतड्यातील जंतांसाठी बालरोगतज्ज्ञ एकच मात्रा देतात. पोट फुगले असेल, दुखत असेल किंवा उलट्या होत असतील, तर औषधापूर्वी डॉक्टरांनी पोट तपासणे आवश्यक आहे, कारण जंतांचा गुंता आतड्यात अडकलेला असू शकतो.

निघालेली वस्तू कागदी रुमालात गुंडाळू नये. ती वाळते, चुरगळते आणि ओळखू येत नाही. घट्ट झाकणाच्या स्वच्छ बाटलीत, तासाभरात दाखवता येणार असेल तर सलाइनमध्ये आणि उशीर होणार असेल तर सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावी. अळ्या असतील तर प्रथम उकळीच्या खालच्या गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवून मग अल्कोहोलमध्ये घालाव्यात, म्हणजे त्या ताठ राहतात आणि शेपटीकडच्या श्वसनछिद्रांवरून माशीची जात ठरवता येते. फॉर्मेलिन वापरू नये, त्यामुळे डीएनए चाचणी बिघडते. हिरडीतल्या अमीबासाठी मात्र बाटली निरुपयोगी आहे. त्यासाठी दंतवैद्यांकडे स्वतः जावे लागते, आणि त्या सकाळी जंतुनाशक द्रावणाने चूळ भरायची नसते.